फ्रेंच घराच्या फाटकाबाहेर

सुजाता,

क्रेमेटोरियमच्या दाराशी सगळे एकमेकांना सांगत होते की तू शांत झालीस. तुझ्या शाळेतल्या शिक्षिका, विहारातली मंडळी, शेजारची आयरिश बाई, सगळेच. मी मान हलवत होते, कारण अशा वेळी मान हलवायची असते. पण मला ते अजिबात पटलेलं नाही. तू शांत वगैरे काही झालेली नाहीस. तुला गप्प केलंय, तेही भर भांडणात आणि तुला न विचारता.

हॅलमने फुलं पाठवली होती. पांढरी, महागडी. हाच तो फ्रेंच घराच्या ट्रस्टचा चेअरमन, ज्याने तुला गाइडच्या कामावरून काढलं होतं. सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं की तू त्या घराची फार मोठी मैत्रीण होतीस. मैत्रेयीने ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

‘‘मावशी, हे वाचून मम्मी हसला असता.’’

‘‘हसली असती,’’ मी सवयीने म्हटलं.

‘‘तेच. खूप हसली असता.’’

तुझी मुलगी युनिव्हर्सिटीत गेली तरी तिचं व्याकरण तू काही सुधारू शकली नाहीस. अख्ख्या लंडनच्या मुलांकडून फ्रेंचमधली लिंगं पाठ करून घेणारी बाई! आम्ही दोघी तुझ्या शवपेटीच्या बाजूला उभ्या राहून तोंडावर रुमाल धरून हसलो. लोकांना वाटलं, रडतोय. तसा फारसा फरकही नव्हता.

आपण भेटलो वेम्बलीत, ईलिंग रोडवरच्या भाजीच्या दुकानात. मी बँकेच्या आयटीत टेस्टिंगला लागून नुकतीच पुण्याहून आले होते आणि फोनवर आईशी बोलत होते. माझं मराठी ऐकून तू अंबाडीची जुडी माझ्यासमोर धरलीस. ‘‘ही येते का करता?’’ मी नाही म्हटलं. तू बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर चालत आलीस आणि तांदळाच्या कण्या किती टाकायच्या, लसणाची फोडणी कधी द्यायची, सगळं सांगितलंस. दुकानात ‘तुम्ही’ होतो, बस येईपर्यंत ‘तू’ झालो. बसमध्ये तू विचारलंस, शनिवारी काय करतेस? मी म्हटलं, कपडे धुते. ‘‘सोड ते. मी तुला एक घर दाखवते. पाहून हसशील.’’

आणि खरंच हसले मी. एजवेअरच्या पुढे बस जाते, दुकानं संपतात, शेतं सुरू होतात आणि एका वळणावर ते घर. चारही बाजूंनी रुंद व्हरांडा, बारीक पट्ट्यांच्या हिरव्या झडपांच्या खिडक्या, उन्हाची हवा वर जावी म्हणून उंच चढवलेलं छप्पर. आणि त्या सगळ्यावर हर्टफर्डशरच्या पावसाची भुरभुर. कॅरिबियन बेटावर उसाचे मळे असलेल्या एका फ्रेंच माणसाने ते दोनशे वर्षांपूर्वी बांधलं. मळ्यातल्या गुलामांनी बंड केल्यावर तो बायकामुलांना घेऊन इंग्लंडला पळून आला आणि इथे त्याने आपलं बेटावरचं घर जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. इंग्लंडमध्ये असं दुसरं घर नाही, म्हणून ते जपलेलं आणि म्हणून त्याचं म्युझियम झालेलं. खरं नाव बोसेजूर, पण गावातले लोक ‘बोजर’ म्हणतात आणि बसचे ड्रायव्हर ‘फ्रेंच हाऊस’.

‘‘हा व्हरांडा बघ,’’ तू म्हणालीस. ‘‘नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला साहेबांचा बंगला वाटते की नाही? आम्ही लहानपणी फाटकातून बघायचो. आता मी आत जाऊन लोकांना दाखवते.’’

तेव्हा ते घर तुला आवडायचं, सुजाता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर लोकांना वाटलं की तू पहिल्या दिवसापासून हत्यार उपसून आली होतीस. तसं नव्हतं. झडपांच्या पट्ट्यांवरून तू बोट फिरवायचीस. त्यांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात, ते डोरीनला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचीस. डोरीन म्हणजे गाइडांचा रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, सांभाळणारी म्हातारी, निवृत्त नर्स, जिच्या तोंडून एकही फ्रेंच शब्द धड निघायचा नाही. फ्रेंच येणारी एकुलती एक गाइड तू. डोरीन तुला ‘अवर मादाम’ म्हणायची.

तुला एकदा विचारलं होतं, नागपुरात वाढलेल्या मुलीला फ्रेंच शिकायचं सुचलं कसं? तू म्हणालीस, बाबांमुळे. बाबा पोस्टात होते. ते म्हणायचे, इंग्रजी पोटासाठी शिकावीच लागते, पण एक भाषा अशी शीक, की जी शिकायला तुला कुणी सांगितलं नाही आणि जी शिकू नको म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. हे सांगताना तुझा चेहरा जो व्हायचा, तो मला आत्ता दिसतोय.

तू मला तिकिटाच्या टेबलावर बसवलंस. शनिवारी कपडे धुणं कायमचं बंद झालं.

मग ते चित्र.

जेवणाच्या खोलीतलं मोठं चित्र तर तू पहिल्यापासून दाखवत होतीस. मळेवाला देलकूर, त्याची बायको, तीन मुली, पायाशी पांढरा कुत्रा आणि मागे सावलीत तबक घेऊन उभा असलेला एक काळा तरुण. खाली पितळी पट्टीवर सगळ्यांची नावं. एका शनिवारी पाहुण्यांतल्या एका बाईने विचारलं, मागे उभा आहे तो कोण? तू स्क्रिप्टमधलं उत्तर दिलंस, कुटुंबाबरोबर बेटावरून आलेला विश्वासू सेवक. मग तिने विचारलं, आणि कुत्र्याचं नाव काय लिहिलंय? तू वाचलंस, फिदेल. त्याचा अर्थ काय, असं तिने विचारल्यावर तू थांबलीस. मी दारातून बघत होते. तू इतका वेळ थांबलीस की लोक चुळबुळ करायला लागले.

‘‘विश्वासू,’’ तू म्हणालीस. ‘‘कुत्र्याच्या नावाचा अर्थ विश्वासू. आणि माणसाबद्दल आम्ही तोच शब्द वापरतो. पण कुत्र्याला निदान नाव आहे.’’

मग तू त्यांना घेऊन बाहेर पडलीस. टूर घराबाहेर जात नसे, तरी तू रस्ता ओलांडून समोरच्या चर्चच्या आवारात गेलीस आणि कोपऱ्यातला तो दगड दाखवलास. त्याच्यावर सरळ कोरलेलं आहे: जॉन, देलकूर कुटुंबाचा विश्वासू सेवक. त्यात गुपित काहीच नव्हतं. गावातल्या प्रत्येकाने तो दगड पाहिलेला होता. म्युझियममध्ये मात्र तो माणूस बिननावाचा.

परत आल्यावर तू माझ्या टेबलापाशी उभी राहिलीस. तुझे बूट चिखलाने भरले होते. ‘‘जॉन हेपण त्याचं नाव नसणार, मेधा. ते मालकाने ठेवलेलं. माझ्या आजोबांचं नाव गावच्या पाटलाने कचरू ठेवलं होतं. माझं नाव माझ्या बाबांनी ठेवलं. दोन पिढ्या लागल्या आम्हाला त्याच्यासाठी. याला दोनशे वर्षांत कुणी पितळेची पट्टीसुद्धा नाही दिली.’’

त्या दिवसापासून तू स्क्रिप्ट सोडलंस. पाहुणे जेवणाच्या खोलीत आले की आधी चित्रातल्या मागच्या माणसापासून सुरुवात करायचीस. हा जॉन. हा विकत घेतलेला होता. आता पुढे कोण बसलंय ते बघू.

आपलं पहिलं मोठं भांडण त्याच सुमारास झालं, घरी जाताना बसमध्ये, वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर. डोरीनने तुला बाजूला घेऊन विनवलं होतं की लोक सुट्टीच्या दिवशी येतात, त्यांना जरा हळू सांग. मी म्हटलं, ती काही वाईट बोलली नाही. आणि पुढे म्हटलं, ‘‘तुला प्रत्येक गोष्टीत तेच कसं दिसतं गं?’’

तू खिडकीबाहेर बघत होतीस. तू चिडलीस की तुझं मराठी सरळ नागपूरला पोचायचं.

‘‘आणि तुला कसं नाही दिसत, हे मला समजून नाही राहिलं. माझी आई शाळेत आया होती. मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, आमची अनसूया फार विश्वासू, सोनं ठेवा समोर, हात नाही लावायची. आणि चहाचा कप तिचा वेगळा. खिडकीत उपडा ठेवलेला. विश्वासू म्हणजे काय, हे मला डिक्शनरीत नाही पाहावं लागत.’’

मी म्हटलं, ‘‘डोरीनला यातलं काय माहीत? ती बिचारी...’’

‘‘डोरीन बिचारी नाही. तिला सगळं माहीत आहे. बोलायचं नाही तिला.’’

एजवेअर आलं. उतरताना तू माझी पर्स धरलीस, कारण माझ्या हातात छत्री होती. आपली भांडणं अशीच असायची. कुणी माफी मागायचं नाही, फक्त कुणीतरी कुणाची तरी पर्स धरायचं.

पुढे हॅलमने तुला बोलावलं. मी सोबत होते, तू मला ओढून नेलं होतंस. हॅलम वाईट माणूस नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते. त्या घराचं छप्पर गळत होतं तेव्हा दारोदार हिंडून ते वाचवणारा तोच. पण त्याला ते घर इतकं आवडतं, की त्याबद्दल वाईट ऐकलं की घरच्या माणसाबद्दल ऐकल्यासारखा त्याचा चेहरा पडतो. तो फार सभ्यपणे म्हणाला, गाइडने ट्रस्टने मंजूर केलेलं बोलावं. नाहीतर रोटावर राहता येणार नाही.

‘‘मी खोटं काय बोलले ते सांगा,’’ तू म्हणालीस.

‘‘खोटं असं नाही म्हणत मी. पण ही जागा त्यासाठी नाही.’’

‘‘त्यासाठी कुठली जागा आहे, मिस्टर हॅलम?’’

तू गळ्यातला बॅज काढून त्याच्या टेबलावर ठेवलास. ‘‘फाटकाबाहेरचा फुटपाथ कौन्सिलचा आहे ना? मग मी तिथे आहे.’’

मला वाटलं, राग आहे, निवळेल. पुढच्या शनिवारी तू लाल कोट घालून फाटकाबाहेर उभी होतीस. बसमधून उतरणाऱ्यांना विचारत होतीस, घराची टूर हवी का? पूर्ण घराची. आणि लोक थांबायचे! भिंतीवरून दिसणाऱ्या छपराकडे बोट दाखवून तू सांगायचीस की हे छप्पर कुठल्या उन्हासाठी आहे, हा व्हरांडा कुणी झाडायचा, साखर कुठून यायची, स्वयंपाकघराच्या मागे खुर्च्या रचून ठेवलेली एक बंद खोली आहे आणि तिच्यात कोण झोपायचं. मग त्यांना रस्त्यापलीकडे दगडापाशी न्यायचीस. एकदा पोलीस आला. रस्ता अडवला जातोय म्हणून कुणीतरी फोन केला होता. तू लोकांना एका बाजूला उभं केलंस आणि बोलणं पुढे चालू ठेवलंस. तो शेवटपर्यंत थांबला. जाताना त्याने विचारलं, कुत्र्याचं नाव खरंच तसं लिहिलंय? तू म्हणालीस, ‘‘आत जा, तिकीट काढा आणि स्वतः वाचा.’’

तो आत आला होता, सुजाता. त्याला तिकीट मीच दिलं.

आणि आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. मी आत ऊबेत बसते आणि तू बाहेर गारठतेस, यावरून तू मला किती टोमणे मारलेस! ‘पुणेरी माणूस कधी उन्हात उभा नाही राहायचा’ म्हणायचीस. पण तिकीट घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, बाहेर लाल कोटातल्या बाई आहेत, त्यांची टूर आधी करा, ती फुकट आहे, मग आत या, म्हणजे काय बघायचं ते कळेल. प्रत्येकाला. तुझ्याकडे आपोआप गर्दी होते, असं तुला वाटायचं. मी सांगितलं नाही, कारण तू ते ताबडतोब चार जणांना सांगितलं असतंस आणि हॅलमने मलाही काढलं असतं. मग तुझ्याकडे माणसं कुणी पाठवली असती? आता हस.

डोरीन थर्मास घेऊन तुझ्याकडे यायची. तेही मला खिडकीतून दिसायचं. ती चहा ओतायची, तू घ्यायचीस, दोघी हवेबद्दल बोलायच्या आणि ती परत आत यायची. बसमध्ये मी म्हटलं, बघ, येते की नाही ती? तू म्हणालीस, ‘‘चहा आणते. बाजू नाही घेत.’’

मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, तूही फार बोलायची नाहीस. फॅमिली डॉक्टरने हॉस्पिटलला पाठवलं, हॉस्पिटलने दुसऱ्या हॉस्पिटलला, आणि एक दिवस तू फोनवर म्हणालीस, ‘‘पोटातलं आहे, पसरलंय, शनिवारी येताना जाड मोजे आण.’’ एका दमात. मी मोजे आणले. केमोनंतर केस गेले तेव्हा तू लाल कोटावर पिवळी लोकरीची टोपी घालायला लागलीस आणि ट्रॅफिक लाइटसारखी दिसतेस असं मी म्हटल्यावर तुला ते इतकं आवडलं की तू ते पाहुण्यांना सांगायला लागलीस. थंडी सोसवेना तेव्हा मैत्रेयीने घडीची खुर्ची आणली. तू बसून बोललीस. डॉक्टर म्हणाले, आराम करा. तू म्हणालीस, करून राहिले ना, बसले आहे ना खुर्चीवर.

त्याच वर्षी ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केल्याला दोनशे वर्षं झाली आणि देशभर प्रदर्शनं सुरू झाली. सगळ्या म्युझियमना अचानक आपापल्या चित्रांतले मागे उभे राहिलेले लोक दिसायला लागले. हॅलम फाटकाबाहेर आला. तुझ्या खुर्चीशेजारी उभा राहून म्हणाला, आम्हाला प्रदर्शन करायचंय, तुम्ही मदत कराल का?

मला वाटलं होतं, तू त्याला फाडून खाशील. तू म्हणालीस, ‘‘करते. आधी पितळेच्या पट्टीवर नाव. मग मागची खोली उघडा, खुर्च्या दुसरीकडे ठेवा. मग भिंतीवरचा मजकूर मी लिहीन.’’

तू लिहिलास. एजवेअरच्या तुझ्या घरी, खिडकीपाशी लावलेल्या पलंगावर बसून, पेजेची वाटी बाजूला गार करत. तुझं आणि ट्रस्टचं भांडण एका वाक्यावर अडलं. त्यांना हवं होतं, जॉन कुटुंबाबरोबर इंग्लंडला ‘आला’. तू म्हणालीस, आला नाही, आणला. आला म्हणजे काय तो बोटीचं तिकीट काढून आला होता का? कितीतरी फोन झाले. शेवटी ‘आणला’ त्यांनी मान्य केलं. पण तुझं पुढचं वाक्य होतं की तो देलकूरच्या मालकीचा होता. ते बोर्डाने काढलं. इंग्लंडच्या भूमीवर आल्यावर तो कायद्याने गुलाम होता की नाही, यावर मतभेद आहेत, असं हॅलमने कळवलं.

‘‘बोटीत चढताना तर मतभेद नव्हते ना?’’ तू फोनमध्ये ओरडलीस आणि मग तुला इतका खोकला आला की मैत्रेयीने फोन काढून घेतला.

खोली उघडली त्या दिवशी तू आली नाहीस. हे मी तुला अजून माफ केलेलं नाही. व्हीलचेअर ठरवली होती, हॅलमने स्वतः गाडी पाठवतो म्हटलं होतं. मी सकाळी तुला घ्यायला आले तर तू पलंगावर तशीच.

‘‘मालकीचा होता, असं लिहितील त्या दिवशी बोलव. येईन.’’

‘‘सुजाता, अगं, त्याला वेळ लागेल आणि तुझ्याकडे...’’

‘‘वेळ नाही. बोल ना, लाजतेस काय? वेळ नाही माझ्याकडे. मग काय अर्ध्या वाक्याला हो म्हणू?’’

‘‘तू केलंस हे सगळं! नाव तुझ्यामुळे लागलं, खोली तुझ्यामुळे उघडली. एकदा बघून तरी ये.’’

‘‘तू बघ. आणि मला सांग.’’

मी रागारागात एकटी गेले. खोली लहान आहे. एक उंचावरची खिडकी, चुन्याच्या भिंती, शेकोटी नाही. शेजारच्या स्वयंपाकघरात बैल भाजता येईल एवढी चूल आणि इथे काही नाही. पाहुण्यांमध्ये जांभळी हॅट घातलेली एक वयस्कर काळी बाई होती, हार्लेस्डनहून आली होती. तिने भिंतीवर तळवा टेकवला आणि ती तशीच उभी राहिली. बाकीचे लोक आपोआप बाहेर गेले. मला तेव्हा वाटलं, हे तू बघायला हवं होतंस.

संध्याकाळी तुला सांगितलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस.

‘‘काही म्हणाली का ती?’’

‘‘म्हणाली, खोली गार आहे.’’

‘‘मजकूर वाचला?’’

‘‘वाचला.’’

‘‘मग?’’

मला सांगायचं नव्हतं, पण तुझ्याशी खोटं बोलता येत नसे. ‘‘तिने मला विचारलं, आणला म्हणजे कुणी आणला? आणि कोण म्हणून?’’

तू डोळे उघडलेस. ‘‘बघ,’’ तू म्हणालीस. एवढंच. आणि पेज मागितलीस आणि सगळी प्यायलीस, जे त्या आठवड्यात एकदाही झालं नव्हतं.

तरीही तू यायला हवं होतंस. मी हे धरून राहणार आहे. तुझा मुद्दा बरोबर होता आणि तरी तू यायला हवं होतंस. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, ही अगदी पुणेरी पळवाट आहे. असू दे. आता तुला उत्तर देता येत नाही म्हणून मी मुद्दा सोडणार नाही. उलट तू नाहीस म्हणून जास्तच जोरात मांडणार आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू गेलीस. विहारातून भन्तेजी आले, त्रिशरण झालं, ‘जय भीम’ झाला, तुझ्या वर्गातली मुलं फ्रेंचमध्ये काहीतरी वाचताना मध्येच रडायला लागली. ते सगळं चांगलं झालं. तुला आवडलं असतं आणि तू तीन चुका काढल्या असत्यास.

आता कालचं सांगते.

हॅलमने मैत्रेयीला आणि मला भेटायला बोलावलं. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, कप मांडले होते, डोरीन केक घेऊन आली. हॅलम म्हणाला, ट्रस्टला तुझ्या स्मरणार्थ बागेत एक बाक ठेवायचा आहे. ओकच्या लाकडाचा. त्यावर तुझं नाव आणि खाली, ‘हिचं या घरावर प्रेम होतं.’

या देशात माणूस गेला की त्याचा बाक करतात, हे मला माहीत आहे. त्यात काही वाईट नाही. टेकडीवरच्या बाकांवर बसून आपणही किती अनोळखी लोकांची नावं वाचली. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी तापलं. एवढी वर्षं ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी स्लाइडवर लिहिलेलं सोडून एक शब्द बोललेली नाही, हे तुला ठाऊक आहे.

‘‘नको,’’ मी म्हटलं.

हॅलमला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. ‘‘लाकूड वेगळं हवं असेल तर...’’

‘‘बाक नको. तिला बसायचं नव्हतं. तुम्ही ते एक वाक्य लावा. तो मालकीचा होता, हे.’’

‘‘मिसेस जोशी, त्यावर बोर्डाचा निर्णय झालेला आहे.’’

‘‘मग दुसरा घ्या.’’

मैत्रेयी आधी इंग्रजीत बोलली, फार शांतपणे, अगदी तुझ्यासारखी मान वाकडी करून. ‘‘शी डिडन्ट लव्ह धिस हाऊस, मिस्टर हॅलम. शी वॉज अर्ग्युइंग विथ इट.’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘बरोबर बोलला ना मी, मावशी?’’

‘‘बरोबर बोललीस,’’ मी म्हटलं.

हॅलम कपाकडे बघत बसला. म्हणाला, शब्द फार कडक आहे, लोक दुखावतील, देलकूरचे वंशज अजून देणग्या देतात. तेव्हा डोरीनने केकची सुरी खाली ठेवली.

‘‘ओन्ड. मालकीचा,’’ ती हॅलमला म्हणाली. ‘‘काही अवघड शब्द नाही तो, जेफ्री. मला त्या बाईने फ्रेंच शब्द म्हणायला शिकवले, हा तर आपलाच आहे. मी गेली वीस वर्षं लोकांना ‘फेथफुल’ म्हणून सांगितलं. मला तेव्हाही माहीत होतं. आता मी ते म्हणणार नाही. हवं तर मलाही रोटावरून काढा. म्हणजे रोटा लिहायला दुसरं कुणी शोधावं लागेल.’’

तू तिच्याबद्दल अर्धी बरोबर होतीस, सुजाता. तिला माहीत होतं. बाकी अर्ध्यात तू चुकलीस. बाजू तिने घेतली. उशिरा घेतली, तू नसताना घेतली, पण घेतली. बसमधलं ते भांडण मी जिंकले असं म्हणायला मला आवडलं असतं. तू समोरच्या सीटवर तोंड फिरवून बसलेली असतीस, तर मजा आली असती.

हॅलमने बाकाचं बोलणं बंद केलं. म्हणाला, विषय गुरुवारी बोर्डापुढे ठेवतो, पण मी काही सांगू शकत नाही. आज सकाळी त्याचा ईमेल आला. विषय घेतला आहे. मात्र बोर्डाच्या बैठकीला ट्रस्टींखेरीज कुणालाही बसता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

मी नोंद घेतली. ऑफिसात गुरुवारची रजा टाकली. डोरीन ट्रस्टी नाही, मैत्रेयी नाही, मी तर नाहीच नाही. आम्ही तिघी जाणार आहोत.

तुझी,
मेधा